कारखान्यातील संगणकांची जोडणी आणि सभासदाची क्रमपाळी

(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर एरवी आम्ही हुमणीचा बंदोबस्त, पाचट आच्छादन, बेणे बदल असे विषय घेत असतो. मागील अंकात खोडव्याविषयी लिहिताना पुढील अंकी जमिनीतील सेंद्रिय कर्बावर लिहू असे कबूल केले होते. तो लेख तयार आहे. परंतु तो आम्ही एक अंक मागे ठेवला आहे. त्याचे कारण गट सभांतून वारंवार विचारला गेलेला एक प्रश्न. एका सभेत मागच्या रांगेतून एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "सायब, खेपेचं वजन मोबाईलवर येतंय, बिल जमा झाल्यालं येतंय, तोडीचा नंबर पण येतोय. बरं हाय. पर हे समदं एका जागी जोडलंय म्हंजे, कुणी एकटा बसून समदं फिरवू बी शकतोय का?"

प्रश्न अगदी मर्मावर होता. त्याचे खरे उत्तर असे की, काही वर्षांपूर्वी तसे फिरवता येत होते आणि आपल्याच कारखान्यात तसे फिरवले गेलेही होते. त्यात चूक आमची स्वतःची होती. ती हकिकत सांगावी आणि त्यानंतर काय सुधारणा केल्या हे सभासदांना समजेल अशा भाषेत मांडावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम एका उसाच्या खेपेचा कागदोपत्री प्रवास पाहू. लागण झाली की फिल्डमन शेतावर येऊन गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख व हंगाम (आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा) लिहून घेतो आणि तुम्हांस नोंद पावती देतो. त्या नोंदीवरून तोडीची क्रमपाळी लागते. तोड आली की टोळीला चिठ्ठी मिळते, भरलेले वाहन वजनकाट्यावर येते, भरलेले वजन होते, गव्हाणीत ऊस उतरला की रिकाम्या वाहनाचे वजन होते, आणि वजाबाकी होऊन निव्वळ वजनाची पावती निघते. ती पावती हिशेब खात्याकडे जाते. तेथे तोडणी-वाहतूक, सोसायटीची वसुली वगैरे वजा होऊन बिल तयार होते आणि बँकेत जाते. म्हणजे शेती खाते, काटा, हिशेब, भाग खाते व बँक अशा पाच ठिकाणी तुमच्या एकाच उसाची नोंद होते.

संगणक आले तेव्हा प्रत्येक खात्याने आपापला घेतला. एकाचा प्रोग्राम पुण्याचा, दुसऱ्याचा कोल्हापूरचा, काट्याचा तर काटा विकणाऱ्या कंपनीचाच. कोणाचा कोणाशी संबंध नाही. मग रोज संध्याकाळी एक कारकून पेन ड्राइव्ह खिशात घालून काट्यावरून हिशेबात आणि हिशेबातून शेती खात्यात फिरत असे. वहीची जागा पेन ड्राइव्हने घेतली, पायपीट मात्र तीच राहिली.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नव्हती. वारणानगर येथे १९९८ साली केंद्र शासन, राज्य शासन व वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे काढण्याचे काम हाती घेतले, ते देशभर गाजले. बाजारभाव, शेती सल्ला असे पुष्कळ काही त्यावर मिळावे असा हेतू होता. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर प्रामुख्याने आपल्या उसाचे वजन, नोंद, खत आणि बिल यांसाठीच जात. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगलोर येथील संशोधन विभागाने त्यांपैकी काही गावांत तेच काम साध्या मोबाईलच्या लघुसंदेशावर करून दाखवले. आमच्या मते यातून घेण्यासारखे एकच आहे : शेतकऱ्याला यंत्राचे अप्रूप नाही, त्याला आपला आकडा हवा आहे, आणि तो आकडा खरा हवा आहे.

आता आमची चूक.

२०२१-२२ चा हंगाम सर्वांच्या स्मरणात आहे. ऊस उदंड, टोळ्या अपुऱ्या, हंगाम जूनपर्यंत लांबलेला. मराठवाड्यात तर उभ्या उसाचा प्रश्न पेटला होता. अशा वर्षी क्रमपाळीत पंधरा दिवस पुढे की मागे याला सोन्याचा भाव येतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक सभासद आमच्या ऑफिसात आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांनी धोतराच्या सोग्यातून नोंद पावती काढून टेबलावर ठेवली. लागण ११ जुलै २०२०, आडसाली. म्हणाले, "बेंदूर झाल्यावर आठवड्याभरात लागण केली. उसाला तुरा येऊन वाळाय लागला. आणि बांधाच्या पल्याडचा ऊस काल तुटून गेला. त्याची लागण घटस्थापना झाल्यावरची हाय."

आम्ही संगणकात पाहिले. बांधाच्या पलीकडच्या प्लॉटची तारीख २ जुलै होती. आम्ही तात्यांना म्हणालो, "तुमच्या ध्यानातून गेलं असेल, संगणकात तर तुमच्या आधीची लागण आहे." तात्या रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायब, त्याच्या सऱ्या माझ्या पोराच्या ट्रॅक्टरनं सोडल्यात. त्याचं भाडं अजून यायचं हाय."

त्याच दिवशी आम्ही त्या गटाच्या फिल्डमनची जुनी कागदी डायरी मागवली आणि तीन दिवस बसून एकेक नोंद ताडून पाहिली. चौदा प्लॉटांच्या तारखा डायरीत एक आणि संगणकात दुसरी. सगळ्या मागे सरकवलेल्या. कोणाची महिन्याने, कोणाची तीन महिन्यांनी. पूर्वहंगामी ऊस बसल्या जागी आडसाली झालेला. कोणी बदलल्या म्हणून पाहावे तर संगणकात बदल करणाराचे नाव प्रत्येक ठिकाणी एकच : ऊस विकास अधिकारी. म्हणजे आम्ही.

आम्ही त्या बदलल्या नव्हत्या. पण आमचा पासवर्ड आमच्या एकट्याकडे होता असे म्हणण्याची सोय नव्हती. नोंदीत दुरुस्ती करायची तर ती आमच्याच नावाने करावी लागे, आणि आम्ही तर दिवसभर शिवारात. दर वेळी फोन येई, "साहेब, एक क्षेत्र चुकलंय, दुरुस्त करायचंय." कंटाळून आम्ही पासवर्ड गट ऑफिसांना देऊन टाकला. एका ऑफिसात तर तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला होता. चहावाला पोऱ्यासुद्धा वाचू शकेल असा.

त्या चौदा तारखा कोणी बदलल्या हे आजही सांगता येत नाही. कधीच सांगता येणार नाही. लोकांनी बोट एका तरुण फिल्डमनकडे दाखवले, कारण चौदापैकी पाच प्लॉट त्याच्या पाहुण्यांचे होते. तो म्हणे मी केले नाही. त्याने केले असे दाखवणारा पुरावा नाही, आणि केले नाही असे दाखवणाराही नाही. पुढच्या हंगामाआधी त्याने नोकरी सोडली. तात्यांचा ऊस मंडळाच्या परवानगीने तातडीने तोडला, पण तोवर वजनात जी घट यायची ती आली होती. गट सभेत उभे राहून आम्ही माफी मागितली. माफीने टनेज भरून येत नाही हे आम्हांस कळते.

सामाईक किल्लीचे हे असे असते. चोरी झाली तर चोर सापडत नाही; आणि निर्दोष माणसालाही आपण निर्दोष आहोत हे दाखवता येत नाही. यातील दुसरी गोष्ट आमच्या मनाला जास्त लागून राहिली आहे.

२०२२ च्या उन्हाळ्यात सर्व खाती एकमेकांस जोडण्याचे ठरले, तेव्हा बाहेरून मोठी प्रणाली विकत घेण्याचा विचार झाला होता. किंमत ऐकून तो मागे पडला. खात्यांचे जुने प्रोग्राम आहेत तेथेच ठेवायचे आणि त्यांच्यामध्ये निरोप पोहोचवणारा एक छोटा प्रोग्राम आपल्याच संगणक विभागातील मुलांनी लिहायचा असे ठरले. त्याला आम्ही सर्व 'जोडणी' म्हणतो. काट्यावर पावती झाली की जोडणी ती हिशेबाला कळवते, शेती खात्याला 'या प्लॉटचा इतका ऊस आला' म्हणून कळवते आणि तुमच्या मोबाईलवर संदेश पाठवते. एका प्रोग्रामने दुसऱ्याशी ज्या ठरावीक दारातून बोलायचे असते त्याला संगणकवाले एपीआय म्हणतात. आपण दारच म्हणू. पाटाच्या चारीला जसे दार असते तसेच हे समजा.

पाटाचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. पाटकऱ्याकडे आपल्या चारीच्या दारांची किल्ली असते, धरणाच्या दरवाजाची नसते. जोडणीतही तसेच केले आहे. हिशेब खात्याला काट्याचे वजन फक्त वाचता येते; त्यात एक किलोचाही फरक करता येत नाही. संदेश पाठवणाऱ्या भागाला तुमचा मोबाईल नंबर आणि त्या खेपेचा आकडा एवढेच मिळते. तुमचा बँक खाते क्रमांक त्याला दिसतच नाही, कारण त्याला त्याचे काम नाही. शेती खात्याला लागणीची नोंद करता येते, पण बिलाच्या रकमेपर्यंत हात पोहोचत नाही. आणि काट्यावर तर बाहेरून काहीच लिहिता येत नाही. काट्याकडून फक्त बाहेर निरोप येतो, आत जात नाही. तो एकेरी रस्ता आहे. चेअरमनसाहेबांनाही आत जाता येत नाही, आणि त्यांनी ते आनंदाने मान्य केले.

माणसांच्या किल्ल्यांबरोबर प्रोग्रामच्याही किल्ल्या असतात, हे आम्हांस नवीन होते. एक प्रोग्राम दुसऱ्याच्या दारावर जातो तेव्हा त्यालाही आपली ओळख पटवावी लागते. ही ओळख म्हणजे अक्षरे-आकड्यांची एक लांबलचक गुप्त ओळ. पहिल्या खेपेला आमच्या मुलांनी ती ओळ प्रोग्रामच्या मजकुरातच लिहून टाकली होती. काम भागत होते. पुढे काहीतरी बिघडले म्हणून तो मजकूर बाहेरच्या एका जाणकाराकडे मोबाईलवरून पाठवला, आणि मग कोणाच्या तरी लक्षात आले की, अरे, घराबरोबर घराची किल्लीही पाठवली की! सुदैवाने काही घडले नाही. त्याच रात्री सर्व किल्ल्या बदलल्या. आता त्या प्रोग्रामबाहेर वेगळ्या कुलुपात असतात, प्रत्येक दाराची किल्ली निराळी असते, हंगाम सुरू होण्यापूर्वी सर्व बदलल्या जातात, आणि संगणक विभागातील कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी बदलतात. तो माणूस कितीही चांगला असला तरी.

आणि प्रत्येक माणसाचे नाव वेगळे. फिल्डमन स्वतःच्या नावाने आत येतो, स्वतःच्या मोबाईलवर आलेला आकडा घालतो, तेव्हा दार उघडते. एकदा पक्की झालेली लागणीची तारीख तो आता बदलू शकत नाही. बदलाची मागणी घालू शकतो. कारण लिहावे लागते, शेतावरचा फोटो जोडावा लागतो, आणि मंजुरी दुसऱ्या गटाचा अधिकारी देतो. जुनी तारीख पुसली जात नाही. ती खाली तशीच राहते आणि तिच्यावर नवी येते. कोणी, केव्हा, काय बदलले, याची एक वेगळी नोंदवही संगणकात आपोआप लिहिली जाते, आणि त्या वहीत खाडाखोड करण्याचा अधिकार ऊस विकास अधिकाऱ्यालाही नाही. तलाठ्याच्या दप्तरातली फेरफार नोंद ज्याने पाहिली आहे त्याला हे लगेच समजेल.

फिल्डमन मंडळी सुरुवातीला कुरकुरली. दोन मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागतात म्हणाली. खरे आहे, लागतात. पण त्यांच्यातलाच एक जण नंतर आम्हांस म्हणाला, "साहेब, आता कोणी माझं नाव घेतलं तर मी वही उघडून दाखवू शकतो." नोकरी सोडून गेलेल्या त्या मुलाला तेव्हा ही सोय असती तर, असे आमच्या मनात आले.

तारखांचा प्रश्न असा मार्गी लागला. मग पैशाचा उपटला.

जोडणी सुरू झाली त्या पहिल्याच हंगामात, २०२२-२३ मध्ये, एका सभासदाचे पंधरवड्याचे बिल दुसऱ्याच्या खात्यावर गेले. दोघे एकाच गावचे, एकाच भावकीतले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव तंतोतंत तेच. पेन ड्राइव्हच्या काळात कारकून दोघांनाही चेहऱ्याने ओळखत होता, त्यामुळे कधी घोटाळा झाला नाही. प्रोग्राम चेहरा ओळखत नाही. त्याने नाव आणि गाव जुळवले आणि पहिला सापडला त्याच्या खात्यावर पैसे टाकले. ज्यांच्या खात्यावर गेले ते गृहस्थ सरळ मनाचे. दुसऱ्याच दिवशी स्वतः होऊन सांगायला आले. पण त्यांचे कर्ज थकलेले होते आणि बँकेने रक्कम परस्पर कर्जात वळती करून घेतली होती. ती सोडवायला दोन महिने गेले. ज्यांचे बिल होते त्यांच्या मुलीची कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. ती त्यांनी उसनवारीने भरली.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून १४ दिवसांत बिल दिले पाहिजे, आणि उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. भलत्याच्या खात्यावर गेलेले बिल हे आमच्या मते न दिलेलेच बिल. तेव्हापासून जोडणीत नाव हे फक्त माणसांनी वाचण्यापुरते आहे. जुळणी होते ती सभासद क्रमांकावर आणि प्लॉटच्या नोंद क्रमांकावर. दोन्ही जुळले तरच निरोप पुढे जातो. एक जरी जुळला नाही तरी प्रोग्राम अंदाज करीत नाही. तो कागद बाजूला ठेवतो आणि सकाळी माणसाने पाहावा म्हणून यादी देतो. प्रोग्रामला अंदाज करू न देणे हे फार महत्त्वाचे आहे बरे का!

बँक खाते बदलण्याच्या अर्जाला तर आता दोन माणसे लागतात. एकाने भरायचे, दुसऱ्याने मूळ पासबुक पाहून मंजूर करायचे, आणि भरणाराला स्वतःचे काम स्वतः मंजूर करता येत नाही. मंजुरीनंतर तुमच्या जुन्या मोबाईल नंबरवर संदेश जातो. नवा नंबर दिला असला तरीही जुन्यावर जातो. तो का, हे थोडा विचार केला की लक्षात येईल.

आता काट्याविषयी. आपल्या यार्डात हंगामात रात्री-अपरात्री इंटरनेट जाते. काट्याचा संगणक जोडणीला निरोप पाठवतो, पलीकडून 'पोहोचला' असे उत्तर यायचे असते, आणि नेमके त्याच वेळी लाइन जाते. निरोप पोहोचला आहे, पण काट्याला ते कळलेले नाही. मग तो परत पाठवतो. जोडणीने दोन्ही खेपा धरल्या तर एकाच ट्रॅक्टरचे वजन दोनदा लागले. १२ टनांची खेप धरा. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये म्हणजे टनाला ३,५५० रुपये दर ठरवलेला आहे. तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी ही एक खेप ४२,६०० रुपयांची झाली. एका रात्रीत अशा दहा खेपा दोनदा लागल्या तर तो खड्डा शेवटी सर्व सभासदांच्याच खिशाला. उलट पक्षी, परत पाठवू नका म्हणावे तर लाइन गेली त्या वेळच्या खऱ्या खेपा गळतात आणि शेतकरी बुडतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो आधी सुचावा लागतो. प्रत्येक पावतीला काट्यावरच असा क्रमांक पडतो की तो पुन्हा कधी येत नाही. जोडणी निरोप घेताना पहिल्यांदा एवढेच पाहते की हा क्रमांक आपल्याकडे आधी आला आहे का. आला असेल तर 'पोहोचला' म्हणून उत्तर देते आणि दुसऱ्यांदा मोजत नाही. त्यामुळे काट्याने दहा वेळा पाठवले तरी खेप एकच राहते. आणि लाइन पूर्ण बंद असली तरी वजन थांबत नाही. पावत्या काट्याच्या संगणकात साठतात, कागदी पावती हातात मिळते, आणि लाइन आली की क्रमाने पुढे जातात. म्हणून रात्री दोनला मोबाईलवर संदेश आला नाही तर घाबरू नका. मात्र कागदी पावती घेतल्याशिवाय वाहन हलवू नका, असे आपल्या ड्रायव्हरला बजावून ठेवा.

चाचणीविषयी थोडे सांगणे आले, कारण त्यात आमची एकदा चांगलीच फजिती झाली. संदेशाचा भाग करून पाहताना मुलांनी खऱ्या सभासदांचीच यादी वापरली. रात्री साडेअकराला ३७ जणांच्या मोबाईलवर संदेश गेला, 'आपली तोड उद्या आहे.' एकाने उसाचे पाणी बंद केले. एकाने पुण्याहून मुलाला रजा काढून बोलावले. एका माउलीने टोळीसाठी पहाटे उठून पिठलं-भाकरी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या ३७ घरी आम्ही स्वतः फोन केले आणि जे ऐकायचे ते ऐकून घेतले. आता चाचणीसाठी वेगळा संगणक आहे, त्यात खोटी नावे, खोटे गाव आणि खोटा ऊस आहे, आणि त्याची बाहेर जाणारी वाटच बंद आहे.

एवढे सगळे करण्याची गरज काय, असे कोणी विचारेल. कारखान्यावर कोण हल्ला करणार? त्यांनी ऑगस्ट २०१८ मधील पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे प्रकरण आठवावे. ११ व १३ ऑगस्ट या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यांतले बरेचसे परदेशातील एटीएममधून काढले गेले. चोरट्यांनी बँकेची मुख्य खातेवही फोडली नव्हती. एटीएमवर कार्ड घातले की 'या खात्यात पैसे आहेत का' असे विचारणारा आणि उत्तर आणणारा जो मधला दुवा असतो, त्याच्या जागी खोटा दुवा बसवला गेला. मागणी मुख्य वहीपर्यंत गेलीच नाही. खोट्या दुव्यानेच 'द्या' म्हणून सांगितले. दोन प्रणालींच्या मधली जागा ही अशी असते. आपली जोडणी हीसुद्धा मधलीच जागा आहे. म्हणून जोडणीकडून आलेल्या निरोपावर दोन्ही बाजू आंधळा विश्वास ठेवीत नाहीत. हिशेब खाते दररोज रात्री काट्याच्या स्वतःच्या बेरजेशी आपली बेरीज ताडून पाहते : किती खेपा, किती टन. फरक पडला तर बिल अडते आणि माणूस बोलावला जातो. गेल्या हंगामात दोनदा अडले. दोन्ही वेळा रिकाम्या वाहनाचे वजन व्हायचे राहिले होते, दुसरे काही नव्हते.

तुमची माहिती कोणाला द्यायची हाही प्रश्न आता ऐरणीवर आलेला आहे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. खतवाले, औषधवाले, फायनान्सवाले अधूनमधून येऊन 'सभासदांची यादी मोबाईल नंबरसकट मिळेल का' असे विचारतात. पूर्वी अशा याद्या सहज दिल्या जात. आम्हीही दिल्या आहेत. आता जोडणीतून संपूर्ण यादी एकदम बाहेर काढण्याची सोयच ठेवलेली नाही. एका वेळी एक सभासद दिसतो, आणि तो कोणी पाहिला हेही वहीत लागते.

काही गोष्टी अजून राहिल्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. तोडणी मुकादमांच्या उचलीचा हिशेब जोडणीत घेतलेला नाही. तो घाईने जोडण्यापेक्षा आणखी एक हंगाम कागदावर राहिलेला बरा असे आमचे मत आहे. मंडळातील काहींचे मत वेगळे आहे. दोन गट ऑफिसांत अजूनही एकच संगणक चौघे वापरतात आणि एक जण उठला तर त्याच्याच नावाने दुसरा काम करीत बसतो, असे आम्ही या जुलैत डोळ्यांनी पाहिले. टेबलाच्या काचा उचलून पाहण्याची आम्हांस आता सवयच लागली आहे.

सभासदांनी एवढे करावे. नोंद पावती जपून ठेवावी. संगणक आला म्हणून ती चुलीत घालू नये. तात्यांच्या सोग्यातील पावती नसती तर ते चौदा प्लॉट कोणालाच कळले नसते. कारखान्याकडून येणाऱ्या संदेशात कधीही दाबायला निळी ओळ नसते आणि कारखाना फोनवर कधीही ओटीपी विचारीत नाही. 'बिल अडकले आहे, आकडा सांगा' असा फोन आला तर तो आपला नव्हे. तो ठेवून द्यावा आणि गट ऑफिसला कळवावे. मुलाच्या किंवा पुतण्याच्या नंबरवर संदेश जात असेल तर स्वतःचा नंबर लावून घ्यावा. भगिनी सभासदांच्या बाबतीत हे विशेष सांगावेसे वाटते, कारण कित्येक ठिकाणी नोंद त्यांच्या नावावर आणि संदेश तिसऱ्याच्याच खिशात, असा प्रकार आहे.

येत्या हंगामाची लागण तारखांची यादी १५ सप्टेंबरपासून प्रत्येक गट ऑफिसच्या दारावर लावली जाईल. संगणकातील यादी आणि ही कागदी यादी एकच असेल. आपली तारीख, क्षेत्र, जात आणि बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचीही तारीख पाहावी. शेजाऱ्याची लागण शेजाऱ्याइतकी कोणालाच ठाऊक नसते. चूक आढळल्यास आठ दिवसांत लेखी कळवावे, सोबत नोंद पावती आणावी. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधून उठू नये.

सेंद्रिय कर्बाचा लेख पुढील अंकी.